माणसं आणि देश गरीब का राहतात? कापसाच्या काट्यावरून

काटोलरोड | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर गरीब देशांचा विषय निघाला होता. बहुतेकांची उत्तरं तीनच शब्दांत संपली: लोकसंख्या, भ्रष्टाचार, आळस. वाचून चैन पडेना, म्हणून वेगळा धागा काढतोय. जरा लांब लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

मी सावनेर बाजूच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या गिरणीत, हिशेब बघतो. राहायला नागपुरात. कापसाच्या हंगामात माझी जागा वजनकाट्याशेजारी. दिवाळीच्या आगेमागे जो कापूस येतो तो ओला असतो. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. खाजगी व्यापारी परत पाठवत नाही, तो भाव पाडून घेतो. हे शेतकऱ्याला ठाऊक नाही असं कोणी समजू नका. कापूस मुठीत दाबून तो स्वतःच सांगतो, "अजून पंधरा-वीस दिवस पडू दिला असता तर खडखडीत वाळला असता." तरी घेऊन येतो. कृषी केंद्राची उधारी दिवाळीला फेडायची बोली असते. वेचणीच्या बायांना दर आठवड्याला रोख द्यावे लागतात. हरभरा पेरायचा तर बियाणं आणायचं असतं. आणि एका खोलीच्या घरात दहा क्विंटल कापूस पसरायचा कुठे?

जानेवारी-फेब्रुवारीत वाळका, स्वच्छ कापूस घेऊन कोण येतं तेही मी बघतो. ज्याच्या घरात एक पगार आहे, ज्याचं दुकान आहे, ज्याची ओलिताची संत्रा बाग आहे तो. माती तीच, पाऊस तोच, वाणही बहुधा तेच. फरक एवढाच की तो थांबू शकला.

माझं म्हणणं असं की मोठ्या प्रमाणावरच्या गरिबीच्या मुळाशी ही थांबता न येण्याची अवस्था आहे. ज्याला आजच विकावं लागतं तो भाव ठरवू शकत नाही. मग तो कापूस असो, श्रम असोत की अख्ख्या देशाचं तांबं असो.

देशांचं उदाहरण आपल्या वऱ्हाडापासूनच घ्या. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेला तो लढाईत हरून नाही. कंटिंजंट (इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या) फौजेच्या खर्चापोटी निजामाच्या डोक्यावर कंपनीचं देणं चढलं होतं, त्याच्या वसुलीसाठी वऱ्हाड लिहून द्यावा लागला. पुढे १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आपल्याकडे भाव आकाशाला भिडले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली ती प्रामुख्यानं याच मालासाठी. ज्वारीच्या जमिनी कापसाखाली गेल्या. युद्ध संपलं, भाव कोसळले, पण जमिनीचा सारा रोखीतच भरायचा होता. मग सावकार आला.

त्याच वर्षांत इजिप्तमध्ये हुबेहूब हेच घडलं. कापसाच्या तेजीत तिथला राज्यकर्ता खेदिव इस्माइलनं युरोपातून अफाट कर्ज उचललं. तेजी ओसरली. १८७५ मध्ये सुएझ कालव्यातले आपले शेअर त्याला इंग्लंडला ४० लाख पौंडांत विकावे लागले, पुढच्या वर्षी देश दिवाळखोर झाला आणि १८८२ मध्ये इंग्रज फौज उतरली. कालवा कमाईचा होता, थांबला असता तर पैसा वसूल झाला असता. थांबायला उसंत नव्हती.

आजचं पाहायचं तर झांबिया. निर्यातीचा सिंहाचा वाटा तांब्याचा. १९७५ च्या सुमारास तांब्याचे भाव पडले, देश कर्जात शिरला, आणि २०२० मध्ये पुन्हा हप्ते थकले. जमिनीखाली धन असूनही डॉलरमधल्या हप्त्याची तारीख आली की मिळेल त्या भावाला विकणं आलं.

तुमचे अनुभव लिहा. पटलं नाही तर तेही लिहा.

धरमपेठ_जुना | रविवार, रात्री १०:०५

लेख मनापासून लिहिलाय, पण लोकसंख्येचा मुद्दा इतक्या सहज बाजूला सारू नका. बापाला दहा एकर होती, चार भावांत वाटणी झाली, प्रत्येकाला अडीच एकर आली. अडीच एकर कोरडवाहूवर कोण थांबू शकेल? म्हणजे तुमचं थांबता न येणंसुद्धा शेवटी डोकी वाढल्यामुळेच आलं. आणि भ्रष्टाचाराचं म्हणाल तर गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झालं. मूळ अंदाज ३७२ कोटींचा, तो अठरा हजार कोटींच्या पुढे गेला. पाणी वेळेत शेतात आलं असतं तर भंडारा-चंद्रपूरकडचा माणूस आज वेगळ्या जागी असता.

मास्तर_उमरेड | रविवार, रात्री १०:४८

गोसीखुर्दबद्दल एकही अक्षर खोडण्यासारखं नाही. लोकसंख्येबद्दल मात्र लिहितो, कारण हा प्रश्न वर्गातली मुलंही विचारतात.

नकाशा काढा आणि काँगो बघा. महाराष्ट्राच्या सातपटीहून मोठा देश. लोकसंख्या साधारण महाराष्ट्राएवढीच. जमीन, पाणी, जंगल, तांबं, कोबाल्ट, हिरे, सगळं आहे. माणसं कमी असण्यानं श्रीमंती येत असती तर काँगो केव्हाच वर आला असता. तिथे घडलं ते वेगळंच. १८८५ ते १९०८ तो प्रदेश बेल्जियमच्या राजा लिओपोल्डची खाजगी मालमत्ता होता. रबराचा ठरलेला कोटा भरला नाही तर माणसांचे हात तोडले जात. १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा अख्ख्या देशात पदवीधर बोटांवर मोजण्याइतके होते. राज्य चालवायला माणसंच घडू दिली नव्हती.

उलट दक्षिण कोरिया. दर चौरस किलोमीटरला भारताहून जास्त माणसं, खनिजं जवळपास नाहीत. तरी आज तो कुठे आहे ते आपण जाणतो.

आपल्याकडेही कुटुंबं लहान झालीत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर बाईमागे १.७ मुलं आला, म्हणजे लोकसंख्या टिकून राहायला लागतो त्याहूनही कमी. माझ्या वर्गात आता एकटी-दुकटी मुलं जास्त. गरिबी त्या वेगानं हटलेली दिसत नाही. जिथे पोर जगेल की नाही याची खात्री नसते आणि म्हातारपणी पेन्शन नसते, तिथे लोक जास्त मुलं होऊ देतात. आधी खात्री येते, मग पाळणा थांबतो. केरळात तसंच झालं.

वाटणीचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर बाबासाहेबांनी १९१८ मध्येच लिहून ठेवलंय. लहान शेतजमिनींवरच्या आपल्या निबंधात त्यांचं म्हणणं होतं की तुकडे हा मूळ रोग नाही. शेतीवर गरजेहून जास्त माणसं अडकून पडलीत, कारण त्यांना दुसरं काम नाही, म्हणून उद्योग वाढवा. शंभर वर्षं झाली याला.

वऱ्हाडी_गडी | रविवार, रात्री ११:३०

राजेहो, मी दर्यापूरकडचा हावो. आता हिंगण्याले कंपनीत कामाले हाय. 'आळस' म्हनून जे लेहून राह्यले त्याइनं जून महिन्यात एकडाव आमच्या गावात या. पाऊस येते, पेरते, मंग पाऊस दडी मारते, बियाणं करपते, पुन्हा पेरा लागते. दुसऱ्या पेरनीचा पैसा कुठून येते? कृषी केंद्रवाला देते उधारीवर. पन उधारीचा भाव येगळा अन् नगदीचा येगळा. अन् उधारीवर घ्याचं म्हनजे कोनतं बियाणं, कोनतं औषध, हे तोच सांगते. ज्याच्यात त्याले कमिशन जास्त ते आपल्या वावरात. नाही म्हनता येत नाही.

आमच्या आजाच्या टायमाले दिढी चाले. पेरनीले एक पोतं ज्वारी नेली का सुगीत दीड पोतं वापस. आता पोतं गेलं अन् बचतगटाचा, मायक्रोफायनान्सचा हप्ता आला. माह्या मायच्या नावावर तीन कंपन्याचे हप्ते हायेत. एकाचा भराले दुसरीकडून उचलते.

काटोलरोड भाऊ, तुमी म्हनता ते बराबर हाय. पन थांबनं त लांबची गोष्ट, इथं निवडाचाच अधिकार राह्यला नाही.

गोळीबारचौक | सोमवार, सकाळी ७:२०

रात्री वाचलं, सकाळी लिहितोय. माझे आजोबा विणकर. आमच्या गल्लीत घराघरात हातमाग होता, दिवसभर धोट्याचा आवाज. आज माग नाहीत. काही पोरं पॉवरलूमवर गेली, बरीच ऑटो चालवतात.

मूळ लेखात एक गोष्ट अर्धीच राहिली. शेतकरी जानेवारीपर्यंत थांबला तर क्विंटलमागे चार-पाचशे रुपये जास्त मिळतील. ठीक आहे. पण त्यानं जिल्हा श्रीमंत होत नाही. प्रश्न पुढच्या पायऱ्यांचा आहे. जिनिंगवाल्यांनीच हिशेब तपासावा: १०० किलो कापसातून ३४ किलोच्या आसपास रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. त्या रुईतून, कताई-विणाईची घट धरूनही, शंभरेक शर्टांचं कापड होतं. शर्ट सातशेला धरला तर सत्तर हजार. २०२५-२६ चा मध्यम धाग्याचा हमीभाव आहे क्विंटलला ७,७१० रुपये. मधले बासष्ट हजार कोणी चोरले असं मी म्हणत नाही. ते कताई, विणाई, रंगाई, शिलाई, वाहतूक, दुकानभाडं, जाहिरात यांत गेले. म्हणजे मजुरीत आणि नफ्यात गेले. पण ती मजुरी आणि तो नफा कोइम्बतूरला, तिरुपूरला, सुरतेला, ढाक्याला पडला. आपल्याकडे पडला तो फक्त पहिला टप्पा, ज्यात पावसाचा धोका सगळ्यात जास्त आणि पैसा सगळ्यात कमी.

आणि इथे हे होऊ शकत नव्हतं असंही नाही. जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल मुंबईत न काढता नागपुरात काढली, १ जानेवारी १८७७ ला, कारण कापूस इथे होता. आमच्या भागातल्या हजारो घरांची चूल तिच्यावर पेटली. कामगारांसाठी पेन्शन फंड तिनं कायद्यानं सांगण्याच्या कितीतरी आधी सुरू केला होता. सव्वाशे वर्षांनी, २००२ मध्ये, ती बंद पडली. त्या जागेवर आता मॉल आहे. गिरणीत जाणाऱ्याच्या मुलाला त्या मॉलमध्ये सुरक्षारक्षकाची नोकरी मिळते, ठेकेदारामार्फत.

घाना आणि आयव्हरी कोस्ट मिळून जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकवतात. चॉकलेट युरोपात बनतं. कोकोच्या बिया पाठवल्या तर आयातशुल्क नगण्य, त्यावर प्रक्रिया करत गेलं की शुल्क वाढत जायचं, अशी श्रीमंत देशांची रचना कित्येक वर्षं होती. आमच्या मागांचं तरी काय झालं होतं? इंग्रजी राजवटीत लँकेशायरचं कापड जवळजवळ बिनशुल्क येत होतं.

१९६० च्या सुमारास घाना आणि दक्षिण कोरिया यांचं दरडोई उत्पन्न साधारण सारखं होतं. कोरियानं पुढच्या पायऱ्या चढायच्या ठरवल्या: आधी कापड आणि विग, मग जहाजं, मग इलेक्ट्रॉनिक्स.

काटोलरोड | सोमवार, दुपारी १:१५

गोळीबारचौक, रुईचा आकडा बरोबर आहे. हंगामाच्या सुरुवातीला उतारा थोडा कमी पडतो, पण ३४ धरायला हरकत नाही.

पुढच्या पायऱ्या चढायलाही थांबावंच लागतं हे मात्र लक्षात घ्या. कारखाना पहिल्या वर्षी नफा देत नाही. एम्प्रेसच्या वेळी इथल्या एका सावकारानं भांडवल द्यायला नकार दिला होता, टाटा जमिनीत सोनं पुरतायत असं त्याचं म्हणणं होतं. कोरियानं वर्षानुवर्षं आपल्या कंपन्यांना स्वस्त कर्ज दिलं, बाहेरचा माल अडवला, आणि त्या बदल्यात निर्यातीचं लक्ष्य गळ्यात बांधलं. हे करायला त्याच्याकडे अमेरिकेची मोठी मदत होती, आणि हुकूमशाहीही होती, कामगारांना दडपून ठेवलं होतं, हेही सांगायला हवं. घानाला ती उसंत मिळाली नाही.

भांडायलासुद्धा थांबण्याची ताकद लागते. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना भरमसाट अनुदान देते आणि त्यानं जगातला भाव पडतो, हा मुद्दा २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेत मांडला. त्यांना आश्वासनं मिळाली. त्याच मुद्द्यावर ब्राझीलनं रीतसर खटला भरला, वर्षानुवर्षं वकील पोसले, जिंकला, आणि अमेरिकेकडून नुकसानभरपाईची रक्कमही घेतली. अनुदानाचा फटका पाचही देशांना होता.

आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं. म्हणजे बरोबर आमच्या काट्यावर गाड्या लागायच्या दिवसांत. गिरण्यांची अडचण खरी होती, नाही म्हणत नाही. पण दोघांपैकी कोण थांबू शकत होतं याचा विचार झाला नाही.

दीक्षाभूमी_रोड | सोमवार, रात्री ८:४०

इतका वेळ चर्चा शेतकऱ्याची चालली आहे. ज्याच्याकडे विकायला कापूसच नाही त्याचं काय? वेचणीला जाणाऱ्या बाईचा सातबारा कुठे आहे? थांबायचं कशाच्या जोरावर, हातावर पोट घेऊन?

देश गरीब का राहतात याचं उत्तर बाहेर शोधताना आतली उतरंड नजरेआड होते. कोरिया आणि तैवानचं नाव सगळे घेतात, पण कारखान्यांच्या आधी तिथे काय झालं ते कोणी सांगत नाही. तैवाननं १९४९ मध्ये खंडाची (कुळानं मालकाला द्यायच्या वाट्याची) मर्यादा पिकाच्या ३७.५ टक्क्यांवर आणली आणि १९५३ मध्ये कसणाऱ्याला जमीन दिली. कोरियानं १९५० च्या आसपास तीन हेक्टरच्या वरची जमीन काढून कुळांना वाटली. एका पिढीत खेड्यातला माणूस मुलाला शाळेत घालण्याइतका मोकळा झाला. ती मुलं पुढे कारखान्यांत गेली. पाया तो होता.

आपल्याकडे कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ चा. कागदावर जमिनी बैलांच्या आणि कुत्र्यांच्या नावावर लागल्याचे किस्से गावोगाव ऐकायला मिळतात. आणि कूळकायदा झाला तेव्हा कूळ म्हणून नोंद कोणाची होती? बहुतेक गावांत आमच्या लोकांची नव्हतीच. मजूर होते, सालगडी होते. सालगड्याला गुढीपाडव्याला वर्षाची उचल मिळायची आणि वर्षभर ती फिटत नसे. जात हे कर्जाच्याही आधीचं बंधन आहे. ज्याला विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, त्याला बाजारात भाव करता येत होता असं समजणं भाबडेपणाचं आहे.

अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांचा २००५ चा अभ्यास आहे. इंग्रजांनी जिथे जमीनदारामार्फत सारा वसूल केला ते जिल्हे स्वातंत्र्यानंतरही शेतीच्या उत्पन्नात, शाळांत, दवाखान्यांत मागे राहिले. आपला नागपूर-भंडारा-चांदा पट्टा मालगुजारीचा, म्हणजे मालगुजार नावाच्या जमीनदारांचा. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, पण शंभर वर्षांत जी सवय लागते ती कायद्यानं जात नाही.

धरमपेठ_जुना | सोमवार, रात्री ९:२५

मालगुजारीबद्दल एक शंका. वऱ्हाड तर रयतवारी होता, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, तिथे मालगुजार नव्हते. या अभ्यासाच्या हिशेबानं तिथे परिस्थिती चांगली हवी. मग २००६ मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना द्यावं लागलं त्यांत वर्धा सोडला तर सगळं वऱ्हाडच कसं? उलट मालगुजारांनी आणि कोहळी समाजानं बांधलेले तलाव आजही भंडारा-गोंदियात धानाला पाणी देतात.

दीक्षाभूमी_रोड | सोमवार, रात्री १०:१०

प्रश्न रास्त आहे. रयतवारीत जमीन कसणाऱ्याच्या नावावर होती, म्हणूनच ती सावकाराकडे गहाण पडू शकली. त्यात एकच पीक, तेही पावसाच्या भरवशावर, आणि भाव लिव्हरपूलला ठरणार. नावावर जमीन असणं गरजेचं आहे, तेवढ्यानं पुरत नाही. तलावांचं श्रेय मालगुजाराइतकंच, किंबहुना जास्त, माती वाहणाऱ्यांना द्या.

मेडिकलचौक_ताई | मंगळवार, पहाटे ५:५०

रात्रपाळी संपवून लिहितेय. मी परिचारिका आहे, बरीच वर्षं सरकारी रुग्णालयात.

वर सगळ्यांनी जमीन, कापूस, कर्ज यावर लिहिलं. मी रोज बघते तो रस्ता वेगळा आहे. बालाघाटहून, गोंदियाहून, गडचिरोलीहून पेशंट येतो. सोबत दोन नातेवाईक. पेशंटचा उपचार बराचसा फुकट होतो, पण बाहेरून आणायची औषधं, गाडीभाडं, आवारात झोपणाऱ्यांचं दोन वेळचं जेवण, आणि तिघांची बुडालेली मजुरी याचा हिशेब कोणत्याच योजनेत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी नातेवाईक विचारतो, "सिस्टर, अजून किती दिवस?" त्याच्या आवाजावरून मला कळतं की घरी काहीतरी विकायला काढलंय. आधी बकरी, मग बैल, मग बाईच्या कानातलं. बैल गेला की पुढच्या हंगामात त्याची शेती भाड्याच्या ट्रॅक्टरवर. अशा कुटुंबांना मी गरीब होताना पाहिलंय, जी आजारपणाआधी बऱ्यापैकी होती.

देशाच्या आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९ वर आला. सुधारणा आहे, मी ती नाकारत नाही. पण ३९ सुद्धा ज्याच्या घरात काहीच शिल्लक नाही त्याला झेपत नाहीत.

सिकलसेलची मुलं येतात. आपल्या पूर्व विदर्भात हा आजार खूप आहे, आदिवासी आणि दलित घरांत जास्त. मुलाला दुखण्याचा झटका आला की आईची आठवड्याची मजुरी गेली. अशी आई कुठे कायमची नोकरी धरणार? देशातल्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. त्या बाईनं दिवसाला चाळीस किलो कापूस वेचायचा, वरून घरचं पाणी, सरपण, स्वयंपाक, आणि मग कोणीतरी म्हणणार की लोक काम करत नाहीत.

डॉ. अभय बंग यांनी रोजगार हमीच्या मजुरीवर काम केलं होतं ते आठवतं. पागे समितीनं किमान मजुरी दिवसाला ४ रुपये सुचवली होती. श्रमाला किती उष्मांक लागतात, त्याला किती अन्न लागतं, असा हिशेब मांडून ती १२ रुपये हवी हे त्यांनी दाखवलं. मजुरीचा आकडा माणसाच्या शरीरापासून सुरू व्हायला हवा, हे मला त्यातून कळलं. अर्धपोटी माणूस कमी काम करतो, म्हणून कमी मजुरी, म्हणून पुन्हा अर्धपोटी. हे चक्र पिढ्यान् पिढ्या चालतं, कारण आईच्या पोटातच मूल कमी वजनाचं होतं.

काटोलरोड | मंगळवार, दुपारी १२:३०

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बकरी, बैल, कानातलं, हा क्रम आम्हीही बघतो, फक्त आमच्याकडे तो कापसाच्या पावतीमागे लपलेला असतो. १९९१ मध्ये परकीय चलन संपत आलं तेव्हा भारतानंही सोनं गहाण ठेवलं होतं.

रोजगार हमीचं नाव निघालं म्हणून सांगतो. १९७२ च्या दुष्काळात आकार घेतलेली आणि १९७७ च्या कायद्यानं पक्की झालेली ही योजना महाराष्ट्रानं देशाला दिली. तिचं मोल मला असं वाटतं की मजुराला 'नाही' म्हणता येतं. मालकानं कमी दिलं तर दुसरीकडे काम आहे एवढा आधार पुरतो. जिथे कामं नीट निघतात तिथे शेतमजुरीचे दर वाढतात. काम मिळालं पण मजुरी तीन महिन्यांनी जमा झाली तर मात्र तो आधार राहत नाही.

धरमपेठ_जुना | मंगळवार, सायंकाळी ६:४५

सगळं सरकारनं करावं असाच सूर लागतोय म्हणून एक आठवण करून देतो. थांबण्याची ताकद द्यायला सरकारनं १९७२ मध्ये कापूस एकाधिकार योजना आणली होती. सगळा कापूस सरकारच घेणार, शेतकऱ्याला भावाची हमी. झालं काय? चुकारे (विकलेल्या कापसाचे पैसे) महिनोन् महिने रखडायचे, ग्रेडर ज्याच्या-त्याच्या ओळखीनं ग्रेड द्यायचा, आपला भाव जास्त असला की शेजारच्या राज्यातला कापूस इकडे यायचा आणि कमी असला की इकडचा चोरून तिकडे जायचा. योजना तोट्यात गेली आणि गुंडाळावी लागली. मी स्वतः चुकाऱ्यासाठी वडिलांबरोबर खेटे घातलेत. पैसा आणि हेतू असूनही राज्ययंत्रणा धड नसेल तर काही होत नाही. म्हणून मी भ्रष्टाचारावर परत परत येतो.

मास्तर_उमरेड | मंगळवार, रात्री ९:००

हे मान्य करूनच पुढे जावं लागेल. बोट्स्वानाचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा डांबरी रस्ता १२ किलोमीटरचा, जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एक. मग हिरे सापडले. काँगोतही हिरे होते. बोट्स्वानानं कंपनीशी वाटाघाटी करून खाणीच्या कंपनीत निम्मी मालकी घेतली, पैसा तिजोरीत आणला, त्यातून शाळा, दवाखाने, रस्ते केले, आणि वाईट वर्षांसाठी राखीवही ठेवला. विषमता तिथेही प्रचंड आहे, एड्सनं तो देश हादरला, तरी काँगोशी तुलना होऊ शकत नाही.

यात काटोलरोड आणि धरमपेठ दोघंही बरोबर ठरतात असं मला वाटतं. हिशेब चोख होता म्हणून राखीव साठला, आणि राखीव होता म्हणून हिऱ्यांचे भाव पडले तेव्हा धक्का बराचसा सोसता आला.

जंगलवाट | मंगळवार, रात्री १०:२०

मी गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातला, सध्या शिकायला नागपुरात. बोट्स्वानाला जायची गरज नाही, आमचं मेंढा (लेखा) गाव बघा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू तोडून बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात. २०११ मध्ये त्या वेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. आधी तोच बांबू कागद कारखान्याला कंत्राटानं जायचा आणि आमचे लोक त्याच जंगलात तोडणीचे मजूर होते.

मग ग्रामसभेनं स्वतः विक्री काढली. मजुरी वाढली, वरचा पैसा गावाच्या खात्यात राहिला. तेंदूपत्त्याचेही लिलाव आता अनेक ग्रामसभा स्वतः करतात. व्यापारी एकजूट करून भाव पाडतात तेव्हा सगळ्याच ग्रामसभांना टिकता येत नाही, तेंदूपत्ता झाडावर जास्त दिवस राहत नाही. पण बांबू राहतो. बांबूच्या बाबतीत ग्रामसभा म्हणू शकते की या वर्षी भाव नाही, तोडणार नाही.

आमची माणसं तीच होती. शिक्षण तेवढंच, जमीन तेवढीच. हक्क आला.

वऱ्हाडी_गडी | बुधवार, सकाळी ८:१०

जंगलवाट भाऊ, लय चांगलं सांगतलं. आता मले कोनी सांगा, कापूस-सोयाबीनवाल्यानं थांबाचं कसं? माह्या भावाचं सोयाबीन घरात पडून हाय. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ अन् व्यापारी मांगून राह्यला त्याच्याहून लय कमी. हप्ता त भरा लागते.

काटोलरोड | बुधवार, सकाळी ९:३५

पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, १९९०-९१ पासून. सोयाबीन बाजार समितीच्या गोदामात ठेवायचं, मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजानं १८० दिवसांसाठी मिळते. भाव आला की विकायचं आणि पैसे फेडायचे. तूर, हरभरा, धान, हळद हेही चालतं. कापूस त्यात नाही, त्याला जागा फार लागते आणि आगीचा धोका. सगळ्याच बाजार समित्या ही योजना राबवत नाहीत, म्हणून आधी दर्यापूर आणि अमरावती दोन्हीकडे विचारा. माल चाळून, वाळवून न्या. सातबारा लागतो, त्यावर या हंगामाचा पीकपेरा नोंदलेला हवा, आधार आणि बँक पासबुक. व्यापाऱ्याचा माल घेत नाहीत, शेतकऱ्याचाच घेतात, म्हणून ही तपासणी.

वऱ्हाडी_गडी | बुधवार, सकाळी ९:५०

भावाचं वावर ठेक्यानं हाय. सातबारा मालकाच्या नावावर. पीकपेराबी त्याच्याच नावानं लागते.

दीक्षाभूमी_रोड | बुधवार, सकाळी १०:२०

मी याच दारावर लोक अडलेले बघतो. विदर्भाचा कूळकायदा १९५८ चा. कूळ लागेल या भीतीनं मालक ठेक्याचा कागद करून देत नाही, सगळा व्यवहार तोंडी. त्यामुळे ठेक्यानं (भाड्यानं) जमीन कसणाऱ्याला पीककर्ज नाही, विमा नाही, सीसीआयच्या केंद्रावर नोंदणी नाही, नुकसानभरपाई आली तर ती मालकाच्या खात्यात, आणि तारण योजनाही नाही. खर्च आणि धोका सगळा त्याचा.

मालक बरा माणूस असेल तर त्याच्या नावानं माल ठेवा आणि रक्कम खात्यात आल्याबरोबर भावाला मिळेल असं दोन साक्षीदारांसमोर लिहून घ्या. तो कूळकायद्याला घाबरत असेल तर कागदावर जमिनीचा उल्लेखच नको, फक्त सोयाबीनच्या पोत्यांचा करा: किती पोती, कोणाच्या मालकीचे, कोणत्या गोदामात. मी अशा कागदाचा मसुदा तुम्हाला व्यक्तिगत संदेशात पाठवतो. बाजार समितीत जाण्याआधी तो वकिलाला एकदा दाखवा.